जुनाट ॲसिडिटी औषधानेही का हटत नाही? या चुका टाळा

आठवड्यातून दोन-तीनदा छातीत जळजळतं, आडवं पडलं की घशाशी आंबट पाणी येतं आणि हे महिनोन्‌महिने चालू असतं. अशा त्रासाकडे साधं पित्त म्हणून दुर्लक्ष करू नका. बहुतेकांच्या पोटात आम्ल जास्त तयार होत नसतं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप नको तेव्हा उघडते आणि आम्ल वर चढतं.

सगळ्यात मोठा घोळ होतो गोळीच्या वेळेत. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्या जळजळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. जठराच्या पेशींतले आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप जेवणामुळे चालू होतात आणि ही औषधं फक्त चालू पंपांनाच बंद करतात. म्हणून गोळी जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं घ्यायची. जेवून, झोपायच्या वेळी गोळी घेणाऱ्याला ती लागू पडत नसेल, तर डोस वाढवण्याआधी वेळ बदलून पाहावी. पूर्ण गुण यायलाही काही दिवस जातात. नेहमीचा कोर्स साधारण ८ आठवड्यांचा असतो. बरेच महिने घेतलेली गोळी एकदम थांबवली, तर आम्ल काही काळ उसळतं आणि आजार परतल्यासारखा वाटतो. ती कमी कशी करायची, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. अन्ननलिकेला मोठी इजा झालेल्यांनी तर ती स्वतःच्या मनाने बंद करूच नये.

एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेली तपासणी, नॉर्मल आली म्हणजे काही झालेलंच नाही, असंही नाही. कितीतरी रुग्णांच्या अन्ननलिकेत जखम दिसत नाही, तरी आम्ल वर येतच असतं. गोळी नीट घेऊनही त्रास टिकला, तर नाकातून बारीक नळी घालून २४ तास आम्ल मोजणारी पीएच तपासणी करतात. नुसता खोकला किंवा बसलेला आवाज असेल आणि जळजळ अजिबात नसेल, तर दोष दुसरीकडेही असू शकतो. तिथे वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या खाणं मला अजिबात पटत नाही.

उशांवर उशा रचून झोपू नका. त्याने कंबरेत वाक येतो आणि पोटावर उलट दाबच वाढतो. पलंगाचे डोक्याकडचे पाय १५ ते २० सेंटिमीटर उचला, डाव्या कुशीवर झोपा. शेवटचं जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या. वजन जास्त असेल तर ते उतरवणं हा खरा उपाय, पण नेमकं तेच मागे पडतं. पथ्याची लांबलचक यादी मात्र कोणालाच पाळवत नाही. जे खाल्ल्यावर तुम्हाला त्रास होतो, तेवढंच सोडा.

घास अडकणं, काही न करता वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच यांपैकी काहीही दिसलं, तर घरगुती उपाय थांबवून लगेच डॉक्टर गाठा. आणि चालताना, जिना चढताना छाती दाटून आली, घाम फुटला किंवा कळ हातात, जबड्यात गेली, तर ती ॲसिडिटी समजून गोळी चघळत बसू नका. आधी हृदयाची तपासणी, तीही ताबडतोब.