पाऊस लागायच्या आत लॉनखालच्या पाण्याला वाट करा

मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून. वळीव त्याच्याही आधी येतो. तेव्हा बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी निचरा बघा.

दर जुलैत तेच घडतं. लॉन पिवळं पडतं, मालक नर्सरीत धावतो आणि युरिया नाहीतर महागड्या टॉनिकची बाटली घेऊन येतो. अहो, गवत उपाशी नाही, बुडालंय! मुळांना हवा मिळत नाही. त्यावर युरिया टाकला की बराचसा गटारात जातो, आणि उरलेल्यावर जी लुसलुशीत पात फुटते तिला बुरशी आधी धरते.

गेल्या पावसाळ्यात एका सोसायटीतल्या लॉनचा हातभर तुकडा उचलून पाहिला. चटईसारखा सुटून आला. मुळं तपकिरी, बुळबुळीत, वास नाल्यासारखा. तीन औषधं मारून झाली होती. खाली मात्र घट्ट दाबलेलं डेब्रिज, त्यावर जेमतेम चार इंच लाल माती. पाणी जाणार कुठे?

आजच फूटभर खोल खड्डा काढून पाण्याने भरा. मुरलं की पुन्हा भरा. सकाळी भरलेलं संध्याकाळी तसंच दिसलं तर कडेने चर खणा. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, दर १० फुटांना दीड ते दोन इंच. दबलेल्या जागी सहा-सहा इंचांवर पहारीने चार इंच खोल भोकं पाडून जाड वाळू भरा. समुद्राची वाळू नको, खारट असते. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या बागेत, पहार अजिबात चालवू नका, वॉटरप्रूफिंग फुटेल. तिथे आउटलेटची जाळी साफ करा. माळी 'केली' म्हणाला तरी स्वतः वाकून बघा.

लव्हाळा दाट माजतो तिथे खाली पाणी अडलेलं असतं, हा माझा अनुभव. सुरुवात तिथूनच करा.

बाकी कामं:
- कापणी ७ ते १० दिवसांनी, एका वेळी पातीचा तिसरा हिस्साच. ओलं गवत कापू नये
- पात्याला धार
- लव्हाळा गाठीसकट उपटणे
- युरिया १०० चौरस फुटांना १०० ग्रॅम, फक्त उघडीप असताना

पहाटे पातींवर कापसासारखे तंतू आणि गोल तपकिरी चट्टे दिसले तर मॅन्कोझेब ७५ टक्के हे बुरशीनाशक, लिटरभर पाण्याला अडीच ग्रॅम, उघडीप बघून फवारा. पाणी तुंबलेलंच असेल तर तेही पैसे वाया.

पहिली मोठी सर आली की छत्री घेऊन बाहेर उभे राहा. जिथे जिथे पाणी साचेल तिथे काठी रोवा आणि उघडीप मिळताच त्याच जागी चर काढा.