टायटॅनियमची अंगठी घेताना या चुका टाळा

माझ्या मेहुण्याने साखरपुड्याला टायटॅनियमची अंगठी घेतली. दोन वर्षांत बोट भरलं, अंगठी घट्ट बसू लागली. तो घरच्या सोनाराकडे गेला. सोनाराने अंगठी उलटसुलट करून पाहिली आणि "हे माझ्याकडे होणार नाही" म्हणून परत दिली. हा सोनार कामाला पक्का आहे, तीस वर्षं आमच्या घरचे दागिने करतोय. अडचण धातूचीच होती, आणि ती खरेदीच्या दिवशीच माहीत असायला हवी होती.

सर्वांत मोठी चूक: "माप नंतर बघू"

सोन्याची अंगठी कापून, तुकडा घालून, डाख लावून वाढवता येते. टायटॅनियमचं तसं नाही. सोनं १०६४ अंशांना वितळतं, टायटॅनियम १६६८ला. त्याहून मोठी अडचण म्हणजे तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेतं आणि ठिसूळ होतं. त्याला जोड द्यायचा तर आर्गॉन वायूच्या आडोशात वेल्डिंग करावं लागतं. सोनाराच्या पेढीवर ही सोय नसते. फार तर लेथवर आतून थोडी कोरून अंगठी किंचित सैल करता येते, पण तेवढी ती पातळ होते. लहान करणं तर जवळपास विसराच.

म्हणून मापाला वेळ द्या. सकाळी गारठ्यात बोट आक्रसलेलं असतं, उन्हात आणि संध्याकाळी फुगतं. वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा माप घ्या. बारीक मापकड्यावर माप घेऊन ८ मिलिमीटर रुंदीची अंगठी मागवली तर ती हमखास घट्ट लागते. रुंद अंगठीला माप थोडं मोठं लागतं. गरोदरपणात घेत असाल तर थांबा. विकणारा बदलून देतो का आणि किती दिवसांत, हे बिलावर लिहून घ्या.

"इतकी हलकी, म्हणजे नकली असणार"

उलट आहे. बावीस कॅरेट सोन्यात १० ग्रॅम भरणारी अंगठी त्याच आकारात टायटॅनियमची केली तर जेमतेम अडीच ग्रॅम भरते, आणि स्टीलची साडेचार. टायटॅनियमच्या नावाखाली स्टील विकलं जातं, तेव्हा जड लागली तर शंका घ्या. लोहचुंबकावर भरवसा ठेवू नका. दागिन्यांचं स्टीलही बहुधा चिकटत नाही. खात्रीचा उपाय सोनाराच्या काट्यावर आहे. आधी अंगठीचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेली अंगठी तळाला न टेकवता पाण्यात बुडवा. जो आकडा येईल त्याने अंगठीच्या वजनाला भागा. उत्तर साडेचारच्या आसपास आलं तर टायटॅनियम, आठच्या जवळ आलं तर स्टील.

मोडीच्या हिशेबाने घेऊ नका. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे टायटॅनियमचंच खनिज. पृथ्वीवर हा धातू मुबलक आहे. पैसे लागतात तो खनिजातून काढायला आणि घडवायला. सोन्यासारखं मोडून नवं करणं इथे नाही.

ओरखडे आणि रंग

"कधीच ओरखडा पडत नाही" असं सांगून विकतात, ते खरं नाही. टायटॅनियम मजबूत आहे, पण वाळूतले गारगोटीचे कण त्याच्याहून कठीण असतात. ब्रश फिनिशची, म्हणजे बारीक रेघांची बिनचकाकीची साधी अंगठी असेल तर हिरव्या स्क्रबरने एकाच दिशेने हलके घासा, पुन्हा सारखी दिसू लागते. निळ्या-जांभळ्या अंगठीवर मात्र हे करू नका. तो रंग वेगळा लावलेला नसतो. विजेच्या साहाय्याने वाढवलेल्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरातून प्रकाश परतताना तो दिसतो. थर घासला की रंग गेला. तळहाताकडच्या बाजूने तो रोजच्या वापरातच उडतो, म्हणून रंगीत टायटॅनियम कानात घालावं, बोटात नको.

शेजारच्या बोटात किंवा त्याच बोटात सोन्याचं वेढं असेल तर तेही सांभाळा. टायटॅनियम सोन्यापेक्षा बरंच कठीण आहे, रोज घासून सोनं झिजवतं.

हात सुजला तर

"टायटॅनियमची अंगठी कापता येत नाही, बोट कापावं लागतं" ही अफवा मनातून काढा. ती कापली जाते, फक्त सोन्यापेक्षा वेळ लागतो. हाताला मार लागला की सूज चढण्याआधीच अंगठी काढा. अडकली तर हात वर धरा, साबणाचं पाणी लावून पाहा. बोट निळं पडायला लागलं तर घरी खटपट करू नका, थेट दवाखान्यात जा आणि अंगठी टायटॅनियमची आहे हे आधी सांगा. म्हणजे ते हाताच्या कटरवर वेळ न घालवता विजेवर चालणारी हिऱ्याची चकती आणतील. कापताना धातू तापतो, पाणी सोडत राहायला सांगा.

कान-नाक टोचायला

माझ्या मते हा धातू खरा शोभतो तो इथे. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे, ज्यांचे कान खोट्या दागिन्याने चिघळतात, त्यांना टायटॅनियम सोसतं. चूक होते ती "टायटॅनियम कोटेड" घेण्यात. वर पातळ मुलामा आणि आत निकेल असलेलं स्टील. मुलामा झिजला की खाज परत. नव्याने टोचलेल्या कानासाठी "एएसटीएम एफ१३६" या दर्जाचं, म्हणजे शरीरात बसवायच्या रोपणांसाठी वापरतात ते टायटॅनियम मागा. विक्रेता नुसतं "इम्पोर्टेड आहे" म्हणत असेल तर दुसरीकडे जा.