एसटीपी ऑपरेटर व्हायचं असेल तर

पाणी-सांडपाण्याच्या क्षेत्रातली नोकरी म्हटलं की बहुतेकांना महापालिकेच्या भरतीची जाहिरात आठवते. ती निघेल तेव्हा निघेल. आज नवख्या माणसाला दार उघडं आहे ते मोठ्या सोसायट्या, रुग्णालयं, हॉटेलं आणि एमआयडीसीतल्या प्लांटवर. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. अशा प्रकल्पांत सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे एसटीपी, असतंच. तो चालवायला शिफ्टमध्ये माणसं लागतात आणि ती बहुतेक देखभालीच्या ठेकेदारामार्फत घेतली जातात. तेव्हा अर्ज सोसायटीकडे नको, ठेकेदाराकडे करा.

शिक्षणाचं थोडक्यात. दहावीनंतर आयटीआयमध्ये केमिकल प्लांटचा अटेंडंट ऑपरेटर हा ट्रेड या कामाच्या सर्वांत जवळचा. फिटर आणि इलेक्ट्रिशियनही चालतात. आमचं मत विचाराल तर इलेक्ट्रिशियनला थोडं झुकतं माप द्यावं, कारण रात्री दोनला प्लांट बंद पडतो तो घाण खाणाऱ्या जिवाणूंमुळे नाही, ब्लोअरची, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राची, मोटर ओव्हरलोडवर ट्रिप झाल्यामुळे. रसायनशास्त्रात बीएस्सी असेल तर प्रयोगशाळेकडे वळा. आयटीआय झाल्यावर एखाद्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सीईटीपीत, अप्रेंटिसशिप मिळाली तर ती सोडू नका. तिथे एका वर्षात जेवढी बिघाडांची तऱ्हा दिसते, तेवढी सोसायटीच्या प्लांटवर पाच वर्षांत दिसत नाही.

मुलाखतीत पदवीपेक्षा एक प्रश्न जास्त कामाचा ठरतो: ‘एसव्ही-३० कसा काढता?’ एसव्ही-३० म्हणजे ३० मिनिटांत खाली बसलेल्या गाळाचं माप. पद्धत सोपी आहे. ब्लोअर चालू असताना एरेशन टाकीच्या, म्हणजे हवा सोडतात त्या टाकीच्या, पाणी बाहेर पडण्याच्या टोकाकडून नमुना घ्यायचा. तो लगेच १ लीटरच्या मोजपात्रात ओतायचा, उन्हात न ठेवता ३० मिनिटं स्थिर ठेवायचा आणि खाली बसलेला गाळ किती मिलीलीटर ते वाचायचं. नमुना बादलीत अर्धा तास पडून राहिला तर तो आकडा टाकून द्या.

आता हा आकडा एकटा काही सांगत नाही. गाळ ३०० मिली बसला आणि टाकीतला एमएलएसएस, म्हणजे पाण्यात तरंगणारा गाळ, लिटरला ३,००० मिलीग्रॅम असेल, तर ३०० गुणिले १,००० भागिले ३,००० म्हणजे एसव्हीआय (गाळ कसा बसतो त्याचा निर्देशांक) १००. हे ठीक. १५० च्या वर जाऊ लागला की गाळ फुगतोय आणि क्लॅरिफायरवरून, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या टाकीवरून, वाहून जायची तयारी चालू आहे. मोजपात्र आणखी दीडेक तास तसंच ठेवा. बसलेला गाळ गोळ्यांनी वर तरंगायला लागला, तर क्लॅरिफायरमध्येही गाळ फार वेळ पडून राहतोय. तिथे नायट्रेटपासून नायट्रोजन वायू सुटतो आणि गाळाला वर उचलतो. गाळ परत नेणारा पंप वाढवून पाहा.

एक फसगत हमखास होते. एमबीबीआर प्रकारच्या प्लांटमध्ये जिवाणू प्लास्टिकच्या चकत्यांवर वाढतात, पाण्यात मोकळे कमी असतात. तिथे एसव्ही-३० कमीच येणार. तो पाहून ‘जिवाणू मेले’ म्हणत शेणाच्या पाट्या ओतणारे ऑपरेटर आहेत.

टाकीकडे नुसतं बघूनही बरंच कळतं. पांढरा, साबणासारखा फेस म्हणजे प्लांट नवा आहे, गाळ कोवळा आहे किंवा डिटर्जंट जास्त आलंय. गडद तपकिरी, जाड, चिकट फेस म्हणजे गाळ म्हातारा झाला, काढून टाकायला हवा. काळं पाणी आणि कुजका वास म्हणजे हवा कमी पडतेय. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलीग्रॅमच्या आसपास हवा. वीजबिल वाचवायला रात्रभर ब्लोअर बंद ठेवा असं कोणी सांगितलं, तर सांगणाऱ्याचं नाव आणि वेळ लॉगबुकात लिहा.

गाळ काढायचा कंटाळा हे या धंद्यातलं जुनं दुखणं. गाळातलं पाणी पिळून काढणारी फिल्टर प्रेस उघडायची, कापडं धुवायची, म्हणून काम पुढे ढकललं जातं. महिन्याभरात तो गाळ सँड फिल्टरमध्ये जाऊन बसतो आणि दिवसातून चारदा बॅकवॉश, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टर धुणं, करावा लागतो.

क्लोरीनचा हिशेब तोंडपाठ हवा. १ लाख लीटर पाण्याला लिटरमागे २ मिलीग्रॅम क्लोरीन द्यायचं, म्हणजे २०० ग्रॅम. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीत २५ टक्के क्लोरीन असेल तर पावडर लागेल ८०० ग्रॅम. पावडर जुनी, उघडी, ओलसर असेल तर टक्केवारी उतरते आणि हिशेब कागदावर बरोबर राहूनही पाण्यात चुकतो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकालाही हाच हिशेब लागतो. पिण्याच्या पाण्यात नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम उरलेलं क्लोरीन मिळायला हवं. विहिरीवर दिसलं आणि शेवटच्या घरी नाही, तर डोस वाढवण्याआधी जलवाहिनी कुठे फुटली आहे ते शोधा.

लॉगबुक रोज, त्या-त्या तासाला भरा. आठवड्याचे रकाने एका पेनाने एका दमात भरलेले लगेच ओळखू येतात, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी तपासणीला आला की आधी तेच उघडतो. बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचा, अहवाल नमुना घेतला त्याच दिवसाच्या तारखेने आलेला असेल तर तो खोटा समजा. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशांवर ३ दिवस चालते.

टाकीत उतरायला सांगितलं तर नकार द्या. पंप अडकला आहे, दोनच मिनिटांचं काम आहे, असंच सांगितलं जातं. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त उतरतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. सुरक्षा साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पंप साखळीने वर ओढून दुरुस्त करायचा. उतरणं अटळच असेल तर आधी वायुवीजन, मग गॅस डिटेक्टर, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली दिसला तर कोणीही उतरायचं नाही. वर दोरी धरून माणूस उभा हवा, आणि त्याने जागा सोडायची नाही.

नोकरी घेताना ठेकेदाराला चार गोष्टी विचारा: शिफ्ट ८ तासांची की १२, पीएफ आणि ईएसआयसी कापून भरतात का, रात्री एकटंच राहायचं का, आणि गॅस डिटेक्टर कुठे ठेवला आहे. शेवटच्या प्रश्नावर तो हसला, तर दुसरा प्लांट शोधा.