सीमापार ट्रेलर नेण्यासाठी हेवी-ड्यूटी पिकअप घेताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कोणत्याही शोरूममध्ये हेवी-ड्यूटी पिकअप पाहायला गेल्यावर विक्रेता पहिला आकडा सांगतो तो गाडी किती वजन ओढते याचा. पण ज्याला ट्रेलर घेऊन सीमा ओलांडायची आहे, त्याने त्याआधी दुसरा आकडा वाचायला हवा. ड्रायव्हरचे दार उघडल्यावर चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर गाडीचे कंपनीने मंजूर केलेले कमाल एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, छापलेले असते. गाडी, इंधन, माणसे, सामान आणि ट्रेलरचा गाडीवर येणारा भार या सगळ्यांची बेरीज त्याच्या आत राहावी लागते. हाच आकडा पुढे परवाना, व्यावसायिक नियम आणि मेक्सिकोतला प्रवेश यांनाही लागू होतो. टोरांटो, कॅलगरी, ह्यूस्टन अशा शहरांतली जी मराठी कुटुंबे आता ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन लांबच्या प्रवासाला निघू लागली आहेत, त्यांनी व्यवहार ठरवण्यापूर्वी या पट्टीचे छायाचित्र मागून घ्यावे.

ओढण्याची क्षमता पाहणे आणि वाहण्याची विसरणे

ही चूक सर्वांत जास्त होते आणि तीच सर्वांत महाग पडते. जाहिरातीतली टोइंग क्षमता बहुधा त्या मॉडेलच्या सर्वांत हलक्या, कमी सुविधांच्या आणि विशिष्ट गिअर गुणोत्तराच्या आवृत्तीची असते. तुम्ही घेत असलेल्या गाडीत चार दारांची केबिन, फोर-व्हील ड्राइव्ह, डिझेल इंजिन आणि सनरूफ असेल, तर यातल्या प्रत्येक गोष्टीचे वजन गाडीच्या वाहण्याच्या क्षमतेतून, म्हणजे पेलोडमधून, वजा होते. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा बरेच जड असते, त्यामुळे एकाच मॉडेलची डिझेल गाडी जास्त ओढते पण कमी वाहते, ही गोष्ट खरेदीदाराला सहसा कोणी समजावून सांगत नाही.

एक हिशेब करून पाहू. तीन-चतुर्थांश टन वर्गातल्या (हे फक्त वर्गाचे नाव आहे, उदाहरणार्थ फोर्ड एफ-२५०) डिझेल पिकअपच्या पट्टीवर पेलोड २,१०० पौंड आहे आणि जाहिरातीत टोइंग क्षमता १८,००० पौंड आहे असे समजा. तुमचा फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात बसवलेल्या जोडणीवर (हिचवर) टेकणारा ट्रेलर, सामानासह १२,००० पौंडांचा आहे, म्हणजे जाहिरातीच्या मानाने बराच हलका. परंतु फिफ्थ व्हीलच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भाग थेट हौद्यावर येतो. २० टक्के धरले तरी २,४०० पौंड झाले. हौद्यात बसवलेल्या हिचचे वजन आणि आत बसणारी माणसे अजून मोजलीच नाहीत, तोवर गाडी मर्यादेच्या बाहेर गेली. मागच्या बंपरजवळच्या हिचवर ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरचा भार १० ते १५ टक्के असतो, म्हणून तिथे हे गणित थोडे सैल होते. पाटे मजबूत करून किंवा मागच्या धुरीवर हवेच्या पिशव्या (सस्पेन्शनच्या एअर बॅग) बसवून गाडीची बसलेली मागची बाजू वर येते, पण दारावरचा आकडा त्यामुळे एका पौंडानेही वाढत नाही, आणि अपघातानंतर तपासला जातो तो दारावरचाच आकडा.

याच संदर्भात हौद्याची लांबीही पाहावी. साडेसहा फुटांच्या आखूड हौद्यावर फिफ्थ व्हील जोडल्यास अरुंद वळणावर ट्रेलरचा पुढचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेवर आदळू शकतो. अशा गाडीला मागेपुढे सरकणारी हिच घ्यावी लागते, किंवा आठ फुटी हौद्याची गाडी मुळातच निवडावी.

मोठी गाडी घेतली की सगळे प्रश्न सुटतात असे मानणे

पेलोड कमी पडतो म्हणून अनेक जण मागे चार चाके असलेली एक-टनी गाडी घेतात. भाराच्या दृष्टीने तो निर्णय योग्य असतो, पण त्याचबरोबर कायद्याचा वर्ग बदलतो. अमेरिकेत १०,००१ पौंड किंवा त्याहून अधिक मंजूर वजनाची गाडी, किंवा तेवढ्या एकत्रित वजनाची गाडी-ट्रेलर जोडी, आंतरराज्य व्यवसायासाठी वापरली तर ती व्यावसायिक वाहन ठरते आणि तिला अमेरिकी परिवहन खात्याचा नोंदणी क्रमांक (यूएसडॉट क्रमांक) लागतो. कॅनडात ही रेषा ४,५०० किलोंवर आहे. स्वतःचा ट्रेलर घेऊन सुट्टीला जाणाऱ्याला याची चिंता नसते. परंतु ओळखीच्या माणसाची गाडी किंवा सामान मोबदला घेऊन पलीकडे पोहोचवले, की तो प्रवास खासगी राहत नाही, आणि सीमेवरचा अधिकारी हा प्रश्न विचारतोच. फोर्ड आपल्या एफ-२५० साठी ९,९०० आणि १०,००० पौंडांच्या मंजूर वजनाचे पर्याय देते, ते अशा मर्यादारेषा डोळ्यांसमोर ठेवूनच.

चालक परवान्याचेही तसेच आहे. ब्रिटिश कोलंबियात ४,६०० किलोंपेक्षा जड निवासी ट्रेलर ओढण्यासाठी नेहमीच्या परवान्यावर वेगळी नोंद घ्यावी लागते. कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांवरील फिफ्थ व्हीलसाठी अव्यावसायिक ‘ए’ वर्गाचा परवाना लागतो. गाडी दारात येऊन उभी राहिल्यावर चाचणीची तारीख शोधत बसण्यापेक्षा हे आधीच पाहिलेले बरे.

अमेरिकेत गाडी घ्यायची आणि थेट कॅनडात चालवत आणायची

टेक्सास आणि अॅरिझोनातल्या जुन्या पिकअप कॅनडातल्या गाड्यांपेक्षा कमी गंजलेल्या असतात, कारण तिथे रस्त्यावर सहसा मीठ टाकले जात नाही. म्हणून कॅनडातले लोक त्या शोधतात, आणि ते योग्यच आहे. घाई मात्र इथे चालत नाही. वापरलेली गाडी अमेरिकेबाहेर कायमची नेताना तिची कागदपत्रे निर्यातीच्या किमान ७२ तास आधी, ज्या नाक्यावरून गाडी बाहेर जाणार त्याच नाक्याच्या अमेरिकी कस्टम्सकडे द्यावी लागतात. मूळ टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा दाखला, लागते आणि निर्यातीची इलेक्ट्रॉनिक नोंदणीही करावी लागते. निर्यात कक्षाची वेळ नाक्यागणिक वेगळी असते, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी निघून शनिवारी पार करण्याचा बेत अनेकदा फसतो. टायटलवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याचे पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कॅनडाच्या बाजूला पंधरा वर्षांपेक्षा नवीन गाडीची नोंद रजिस्ट्रार ऑफ इंपोर्टेड व्हेइकल्सकडे होते, आणि त्यासाठी ते मॉडेल ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या ग्राह्यता यादीत असावे लागते. कंपनीच्या रिकॉलची, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी परत बोलावल्याची, कामे पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो, आणि ४५ दिवसांच्या आत तपासणी करून घ्यावी लागते. सीमेवर पाच टक्के जीएसटी आणि वातानुकूलन यंत्रणेसाठी शंभर डॉलरचा कर भरावा लागतो. प्रांताचा विक्रीकर पुढे नोंदणीच्या वेळी येतो आणि अल्बर्टात तो नाही.

आयात शुल्काचा मुद्दा आता पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे. एप्रिल २०२५ मध्ये कॅनडाने अमेरिकी गाड्यांवर, हलक्या ट्रकांसह, २५ टक्क्यांचे प्रत्युत्तरी शुल्क लावले, आणि त्यातल्या सवलतींचा आधार गाडी कुठे तयार झाली हा आहे. म्हणून चॅसिस क्रमांकाचे पहिले अक्षर पाहावे: १, ४ किंवा ५ असल्यास गाडी अमेरिकेत बनलेली, २ असल्यास कॅनडात, ३ असल्यास मेक्सिकोत. रॅमच्या हेवी-ड्यूटी पिकअप मेक्सिकोतल्या साल्तियो येथे बनतात, फोर्ड सुपर ड्यूटी प्रामुख्याने केंटकीतल्या लुईव्हिल येथे. एकाच दालनात शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांचे शुल्क त्यामुळे वेगळे असू शकते. दर बदलत राहतात, तेव्हा चॅसिस क्रमांक देऊन कॅनडाच्या सीमा सेवा संस्थेकडे खरेदीच्या आठवड्यातच लेखी विचारणा करावी.

उलट दिशेने, म्हणजे कॅनडात घेऊन अमेरिकेत न्यायची असेल, तर अमेरिकी सुरक्षा आणि उत्सर्जन मानके पूर्ण केल्याचे उत्पादकाचे पत्र आधी मिळवावे. काही कंपन्या सीमेपलीकडून आलेल्या गाडीची वॉरंटी मान्य करत नाहीत, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

मेक्सिको हा कॅनडासारखाच असेल असे समजणे

सीमेलगतचा पट्टा आणि बाहा कॅलिफोर्निया सोडून आत जायचे असेल, तर तात्पुरता आयात परवाना लागतो आणि तो बानहेर्सितो ही बँक देते. पर्यटकांच्या गाडीसाठी त्याची वजनमर्यादा ३.५ टन, म्हणजे सुमारे ७,७०० पौंड आहे. तीन-चतुर्थांश टनी पिकअपचे मंजूर वजन त्याहून बरेच जास्त असल्यामुळे कागदावर ती या मर्यादेत बसतच नाही. मेक्सिकोसाठीच गाडी घेत असाल तर आधी वकिलातीत विचारावे, नंतर शोरूममध्ये जावे. २००७ किंवा नंतरच्या गाडीसाठी ४०० डॉलर अनामत द्यावी लागते आणि परतताना परवाना रद्द करून घेतला नाही तर ती बुडते. गाडी कर्जावर असल्यास कर्जदात्याचे संमतिपत्र हवे. अमेरिकी किंवा कॅनडाच्या विम्याचे दायित्व मेक्सिकोत मानले जात नाही, तेथील कंपनीची पॉलिसी घ्यावी लागते.

डिझेलचाही विचार करावा. २००७ नंतरच्या अमेरिकी डिझेल पिकअपना १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५) गंधकाचेच इंधन चालते, आणि सीमा पट्टा व मोठी शहरे सोडून ते हमखास मिळेल असे धरून चालू नये.

घेतल्यानंतर येणाऱ्या अडचणी

ट्रेलर मागे डोलू लागला तर बहुधा पुढच्या बाजूला भार कमी पडलेला असतो. सामान धुरीच्या पुढे हलवावे. स्टिअरिंग हलके लागत असेल आणि दिवे आकाशाकडे रोखलेले दिसत असतील, तर हिचवरचा भार जास्त आहे. वजन विभागणारी हिच नीट लावलेली आहे का ते पाहावे. ट्रेलरचे दिवे लुकलुकत असतील तर नवे दिवे घेण्याआधी सात पिनांच्या कनेक्टरची अर्थिंग घासून साफ करावी, कारण खोट बहुतेक वेळा तिथेच असते.

हिवाळ्यात दक्षिणेकडून उत्तरेला येणाऱ्यांची अडचण निराळी असते. टेक्सासमध्ये भरलेले डिझेल अल्बर्टाच्या थंडीत मेणासारखे गोठते आणि फिल्टर बंद होतो. म्हणून मोंटानात पोहोचेपर्यंत टाकी जवळपास रिकामी करून तिथले हिवाळी डिझेल भरावे. डिझेलचा धूर स्वच्छ करणारा डीईएफ द्रव उणे ११ अंश सेल्सिअसला गोठतो, पण टाकीतल्या हीटरमुळे तो वितळतो आणि गाडी सुरू होण्यात त्याने अडथळा येत नाही. दक्षिणेतल्या गाड्यांना इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर बहुधा नसतो, तो प्रवासाआधीच बसवून घ्यावा. जुन्या डिझेल गाडीतली उत्सर्जन यंत्रणा कोणी काढून टाकलेली असेल, तर ती गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

सीमेकडे निघण्यापूर्वी ट्रेलर पूर्ण भरून, पाण्याची टाकी ज्या पातळीला ठेवायची आहे तेवढी भरून, सगळी माणसे आत बसवून वजनकाट्यावर एकदा जावे. अमेरिकेतल्या ट्रक थांब्यांवरचे कॅट स्केल पुढचे चाक, मागचे चाक आणि ट्रेलरचे चाक यांचे वजन वेगवेगळे छापून देतात. त्यातले मागच्या चाकाचे वजन दारावरच्या पट्टीतल्या मागच्या धुरीच्या मर्यादेशी ताडून पाहावे, आणि ते जास्त भरल्यास तिथेच सामान उतरवावे.