लहान फोटो मोठा करताना

१२०० × ८०० पिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी दुप्पट केला की २४०० × १६०० होतो. ९.६ लाख पिक्सेलचे ३८.४ लाख झाले, म्हणजे दर चारांतले तीन सॉफ्टवेअरने शेजारचे रंग बघून अंदाजाने भरले. हा अंदाज कितपत जमेल, ते मूळ फाइल किती स्वच्छ आहे यावर ठरतं. म्हणून निम्मं काम फोटो मोठा करण्याआधीच उरकायचं असतं.

सगळ्यात आधी मूळ फाइल मिळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आलेली प्रत लहान केलेली आणि शिवाय दाबलेली (फाइल हलकी व्हावी म्हणून बारकावे गाळलेली) असते. पाठवणाऱ्याला तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) असेल तर तीच घ्या. कागदी फोटो हाताशी असेल तर जुनं स्कॅन ताणत बसू नका. ४ × ६ इंची फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) पुन्हा स्कॅन केला की सरळ २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात.

मग किती पिक्सेल लागणार याचा हिशोब करा. हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे १२ × १८ इंचाला ३६०० × ५४००. लांबून बघायच्या प्रिंटला इतके लागत नाहीत. चांगली नजर साधारण एक अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा टिपते. त्यावरून सोपं गणित निघतं: ३४३८ ला बघण्याच्या अंतराने (इंचांत) भागा, की इंचाला किती पिक्सेल पुरतात ते कळतं. एका फुटावरून सुमारे २८६, तीन फुटांवरून ९५, दहा फुटांवरून जेमतेम २९. बॅनरसाठी फोटो ३०० वर नेण्याचा खटाटोप बहुतेक वेळा फुकट जातो. आणि ‘रिसॅम्पल’ (पिक्सेल नव्याने भरण्याचा पर्याय) बंद ठेवून इंचाला ७२ चे ३०० केले तर पिक्सेल एकही वाढत नाही, फक्त छापायचा आकार बदलतो.

आता सफाई. जेपीजी फाइल ४०० टक्के झूम करून गुळगुळीत भाग बघा, आकाश किंवा गाल. जास्त दाबलेल्या फाइलमध्ये तिथे ८ × ८ पिक्सेलच्या फरशा दिसतात आणि कडांभोवती मुंग्या आल्यासारखे ठिपके. फोटो मोठा केला की हेही मोठं होतं, आणि एआय तर त्यालाच तपशील समजून ठसठशीत करतं. त्यामुळे नॉइज रिडक्शन (ठिपके आणि खरखर कमी करणं) आधी, पण हलक्या हाताने. त्वचेची छिद्रं पुसली गेली तर परत येत नाहीत. शार्पन (कडा ठसठशीत करणं) या टप्प्यावर अजिबात नको.

फोटोशॉपमध्ये इमेज > इमेज साइझ उघडा, रिसॅम्पल चालू करून यादीतून ‘प्रिझर्व्ह डिटेल्स २.०’ निवडा आणि रिड्यूस नॉइज १०–२० टक्क्यांवर ठेवा. गिंपमध्ये इमेज > स्केल इमेज, इंटरपोलेशनला (नवे पिक्सेल भरायची पद्धत) क्यूबिक किंवा लोहॅलो. दोन्हीकडे रुंदी-उंचीमधली साखळी जोडलेली हवी, नाहीतर चेहरे ताणले जातात. दर वेळी १० टक्के असं टप्प्याटप्प्याने वाढवायचा जुना सल्ला सोडून द्या. प्रत्येक टप्प्याला पिक्सेल नव्याने अंदाजले जातात आणि दोष साचत जातो. एकदाच, हव्या त्या मापावर न्या. पिक्सेल आर्टला (मोठ्या चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांना) मात्र ‘निअरेस्ट नेबर’च, तेही २, ३, ४ अशा पूर्ण पटीत.

दीडपटीपर्यंत एवढं पुरतं. दुप्पट-चौपट हवं असेल तर एआय. फोटोशॉपसोबतच्या कॅमेरा रॉमधलं ‘सुपर रेझोल्यूशन’ प्रत्येक बाजू दुप्पट करतं. मोफत हवं असेल तर ‘अपस्केल’ (Upscayl) हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. त्याला वल्कन (ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेणारी प्रणाली) चालवणारं ग्राफिक्स कार्ड लागतं. आउटपुट पीएनजी ठेवा, त्यात बारकावे गाळले जात नाहीत.

एआयने केलेला फोटो १०० टक्क्यांवर नीट तपासा: डोळे, दात, कान, बोटं. लहान, अंधुक चेहऱ्यावर ते स्वतःच्या मनाने पापण्या आणि दात काढतं, आणि मग माणूस ओळखीचा वाटत नाही. आठवणीच्या फोटोत ही चूक चालवून घेऊ नये. उपाय असा: त्याच मापाची साधी क्यूबिक प्रत खाली ठेवा, एआयची लेयर (थर) वर ठेवून तिची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ६०–७० टक्के करा, आणि चेहऱ्यावर मास्क लावून (तेवढाच भाग निवडून) ती आणखी उतरवा.

देवनागरी अक्षरांचं तर एआय वाटोळंच करतं. ‘र्क’वरचा रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, ‘द्ध’चा नुसता गोळा होतो. फोटोवरचा मजकूर पुसून, तसाच फाँट शोधून नव्याने टाइप करा. लोगो असेल तर इंकस्केपमध्ये पाथ > ट्रेस बिटमॅप करा, वाकड्या झालेल्या कडा नोड (रेषेवरचे बिंदू) हलवून सरळ करा आणि एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेषांची फाइल) ठेवा. मग तो कितीही मोठा करता येतो.

शार्पन सगळ्यात शेवटी, अंतिम मापावर. अनशार्प मास्कला अमाउंट ८०–१२०, रेडियस १, थ्रेशोल्ड ३ यावरून सुरुवात करा. केसांच्या काळ्या बटेला लागून आकाशात पांढरी रेघ उमटली की अमाउंट कमी करा. त्वचा प्लास्टिकसारखी दिसत असेल तर २ टक्के मोनोक्रोमॅटिक नॉइज (रंग नसलेली बारीक खरखर) घाला, प्रिंटमध्ये ती पुन्हा त्वचा वाटते. फाइल टिफ किंवा पीएनजीत सेव्ह करा. छापखान्याला जेपीजीच हवी असेल तर शेवटी एकदाच, वरच्या क्वालिटीवर काढा आणि तीच पुन्हा उघडून दुरुस्त्या करू नका. पूर्ण आकाराची प्रिंट काढण्याआधी चेहऱ्याचा चारेक इंचांचा तुकडा त्याच मापात छापून, ठरलेल्या अंतरावरून बघा.