एक्सेलमध्ये स्वतः लिहिलेलं मॅट्रिक्स फंक्शन चुकतंय? आधी हे बघा

व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलच्या मॅक्रोच्या भाषेत, मॅट्रिक्सचं फंक्शन लिहिलं आणि सेलमध्ये #व्हॅल्यू! आलं की बहुतेक जण लगेच गुणाकाराचा लूप उघडून बसतात, आय जे के हे लूपचे काउंटर तपासण्यात तास जातो आणि लूप बरोबरच निघतो. माझ्या अनुभवात चूक बहुतेक वेळा गणितात नसतेच, शीटवरून रेंज कोडमध्ये जाताना नाहीतर उत्तर परत शीटवर येताना घोळ होतो. म्हणून मोठा डेटा बाजूला ठेवा आणि ज्याचं उत्तर हाताने काढता येतं असं एक छोटं उदाहरण घ्या.

मी दोन स्प्रिंगचं घेते. एका टोकाला भिंत, मग १०० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग, तिला जोडून २०० ची, आणि शेवटच्या टोकाला १० न्यूटनची ओढ. पहिली स्प्रिंग ०.१ मिमी ताणली जाणार, दुसरी ०.०५, म्हणजे मधला बिंदू ०.१ आणि टोक ०.१५ मिमी सरकणार. यात वादच नाही. भिंत, मधला बिंदू आणि टोक या तिघांचं स्प्रिंगच्या ताठरपणाचं मॅट्रिक्स तीन बाय तीनचं, त्यातून भिंतीचा रो आणि कॉलम काढल्यावर उरतं ३००, -२०० आणि खाली -२००, २००. हे मॅट्रिक्स आणि ०, १० हे जोर दिले की तुमच्या फंक्शनने ०.१ आणि ०.१५ द्यायलाच हवेत, आणि नाही दिले तर काय चुकीचं आलं यावरूनच बिघाड कुठे आहे ते कळतं.

दोन्ही सेलमध्ये ०.१ च आलं? मग फंक्शन एकमितीय अॅरे, म्हणजे आकड्यांची नुसती एक यादी, परत करतंय. एक्सेल तसल्या अॅरेला आडवी ओळ समजतं, त्यामुळे उभ्या सेल सिलेक्ट करून कंट्रोल शिफ्ट एंटर केलं की प्रत्येक ओळीत पहिलाच आकडा दिसतो. उत्तराचा अॅरे दोन मितींचा करा, दोन रो एक कॉलम, नाहीतर ट्रान्सपोज लावा.

सगळीकडे ० आलं तर अॅरे कसा डिक्लेअर केलाय ते बघा, इंटिजर किंवा लाँग केला असेल तर ०.१ चा राउंड होऊन शून्यच होणार, डबल करा. आणि वर शून्यांची एक जास्तीची ओळ, डावीकडे शून्यांचा कॉलम, असं दिसलं तर अॅरेचं माप ठरवणाऱ्या रीडिममध्ये नुसतं २, १ लिहिलंय, त्याची मोजणी ० पासून सुरू होते, पण रेंजच्या व्हॅल्यूमधून आलेला अॅरे कायम १ पासून असतो. १ टू २, १ टू १ असं पूर्ण लिहायची सवय लावा, खरंच खूप त्रास वाचतो.

आता #व्हॅल्यू! चं. सेलमधून चालणाऱ्या फंक्शनमध्ये काहीही फुटलं तरी एक्सेल एरर मेसेज दाखवत नाही, गुपचूप #व्हॅल्यू! टाकून मोकळं होतं, त्यामुळे सेलकडे बघत बसून काहीच कळत नाही. एक छोटी सब, म्हणजे थेट चालवता येणारा मॅक्रो, लिहा, त्यात त्याच रेंज देऊन फंक्शन बोलवा आणि एफ८ ने एकेक ओळ पुढे जा, व्हेरिएबलमधले आकडे दाखवणारी लोकल्स विंडो उघडी ठेवून. आता खरा मेसेज येईल. एरर ९ म्हणजे अॅरेच्या मापाबाहेर गेलात. एरर १३ म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच काहीतरी आहे, आणि इथे एक खास फसवणूक आहे, रेंज एकाच सेलची असली तर व्हॅल्यूमधून अॅरे येतच नाही, सुटा आकडा येतो आणि अॅरेचं माप विचारणारं यूबाउंड तिथे फुटतं. त्यामुळे सुरुवातीलाच इजअॅरेने तपासा.

वेबवरून पेस्ट केलेल्या आकड्यांमागे कधी कधी न तुटणारी स्पेस चिकटून येते, दिसत नाही, ट्रिमनेही जात नाही, सब्स्टिट्यूटमध्ये कॅर १६० देऊन काढावी लागते. रिकाम्या सेलचं त्याहून वाईट. एक्सेलचं मॅट्रिक्स गुणाकाराचं फंक्शन एमएमल्ट रिकामी सेल दिसली की #व्हॅल्यू! देऊन थांबतं, पण तुमचा स्वतःचा लूप तिला ० धरून पुढे जातो आणि छान दिसणारं चुकीचं उत्तर देतो, म्हणून इजएम्प्टीचा चेक टाकाच.

#नेम? आलं तर कोड वाचूच नका. फंक्शन शीटच्या मॉड्यूलमध्ये आहे का साध्या मॉड्यूलमध्ये, मॉड्यूलचं आणि फंक्शनचं नाव एकच तर नाही ना, फाइल एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह होऊन मॅक्रो गळले का, एवढंच बघा. #स्पिल! म्हणजे उत्तर पसरायच्या जागेत आधीच काहीतरी लिहिलंय, ते हलवा. आकडा बदलूनही उत्तर बदलत नसेल तर कोडच्या आत थेट रेंजचा पत्ता लिहिलाय, एक्सेल फक्त आर्ग्युमेंटमध्ये दिलेल्या सेलवर लक्ष ठेवतं, म्हणून रेंज आर्ग्युमेंटमधूनच द्या.

एक बिघाड मात्र खरोखर गणिताचा असतो. भिंतीचा रो न काढता तीन बाय तीनचं पूर्ण मॅट्रिक्स इन्व्हर्सला दिलं तर डिटरमिनंट शून्य आहे, म्हणजे इन्व्हर्स निघतच नाही, एक्सेलचं इन्व्हर्सचं फंक्शन एमइन्व्हर्स #नम! देणार. पण मोठ्या मॅट्रिक्समध्ये दशांशातल्या बारीक चुकीमुळे डिटरमिनंट बरोब्बर शून्य येत नाही, अगदी नगण्य काहीतरी उरतं, मग एरर येतच नाही आणि कोट्यवधींचे आकडे येतात. असे आकडे दिसले की आधी सपोर्ट, म्हणजे भिंतीसारखे पक्के आधार, नीट दिलेत का ते बघा.

उत्तर आलं की उलटा गुणाकार करा. पूर्ण तीन बाय तीन मॅट्रिक्स गुणिले ०, ०.१, ०.१५ केलं की -१०, ०, १० यायला हवं. शेवटचा १० तुमची ओढ, मधला ० कारण तिथे बाहेरून काही लावलेलं नाही, आणि -१० म्हणजे भिंतीने उलट दिशेने धरून ठेवलेला जोर.