शतपावली, सूर्यनमस्कार आणि सावरणारं शरीर

जेवण झालं, ताट उचललं, आणि पाय आपोआप गॅलरीकडे वळले. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. घरच्यांना वाटतं शतपावली चाललीय, चांगली सवय आहे. पण ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडणं) किंवा बुलिमिया (भरपूर खाऊन मग ते उलट्या, जुलाबाच्या गोळ्या, उपास किंवा अति व्यायामाने भरून काढू पाहणं) या खाण्याच्या विकारांतून सावरणाऱ्या माणसाच्या डोक्यात तेव्हा हिशेब चालू असू शकतो: दोन पोळ्या खाल्ल्या, त्या फेडायच्या. शंभराची हजार पावलं होतात आणि कुणी हात धरून बसवलं तर जीव कासावीस होतो. बिघाड ओळखायचा तो इथे. व्यायाम किती केला यापेक्षा, चुकला तर काय होतं ते बघा. अंगात ताप असताना, पाय मुरगळलेला असताना करावाच लागतो का? चुकला म्हणून जेवण कापलं जातं का? बाथरूममध्ये, रात्री दार लावून, लपून चालतो का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर ते उपचार करणाऱ्यांना सांगा.

सुरुवात डॉक्टरांपासूनच. नाडी, आडवं असताना आणि उभं राहिल्यावर रक्तदाब, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस, एवढं तरी पाहिलं गेलं पाहिजे. उपाशी शरीर ऊर्जा वाचवायला हृदय मंद करतं. त्यामुळे नाडी 45 आली की ‘खेळाडूसारखं हृदय आहे’ म्हणून खूश होऊ नका. या आजारात तो धोक्याचा इशारा असतो. उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्यांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात, वजन अगदी नेहमीसारखं दिसत असलं तरीही. पाळी काही महिने बंद असेल तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करावी का, ते विचारा. गर्भनिरोधक गोळ्यांवर येणारा रक्तस्राव म्हणजे पाळी परतली असं नव्हे. पुरुषांमध्येही टेस्टोस्टेरॉन उतरतं आणि हाडं विरळ होतात.

परवानगी मिळाली की आठवड्यातून दोनच दिवस, दहा ते पंधरा मिनिटं. बसून किंवा झोपून हलके ताण, संथ श्वास. सोबत कुणीतरी हवं. समोर आरसा नको, मनगटावर घड्याळ नको, फोनमधली पावलांची मोजणी बंद. दोन-तीन आठवडे यात काहीही वाढवू नका. या काळात ठरलेलं खाणं पूर्ण होत असेल आणि तपासण्या ठीक असतील, तर उपचार करणाऱ्या टीमला विचारून एकच गोष्ट वाढवा: दिवस किंवा मिनिटं, दोन्ही एकदम नाही. मग ताकदीचे हलके प्रकार: खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, रबरी पट्टा, प्रत्येकी आठ-दहा वेळा. धावणं, झुंबा, दमछाक करणारे प्रकार सगळ्यात शेवटी. सुट्टीचे दिवस आधीच कॅलेंडरवर लिहून टाका आणि ते मोडू नका. रथसप्तमीच्या 108 सूर्यनमस्कारांचा संकल्प या वर्षी सोडून द्या. आकडा गाठण्याची ओढ हेच तर दुखणं आहे.

व्यायामाच्या दिवशी खाणं वाढतं. तासभर आधी केळं आणि मूठभर शेंगदाणे, नंतर दूध आणि लाडू किंवा दही-पोहे. हे आहारतज्ज्ञांनी दिलेल्या जेवणाच्या वर, त्याऐवजी नव्हे. एवढं जास्तीचं घशाखाली उतरत नसेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. संकष्टी, नवरात्राचे उपवासही सध्या नकोत. विकाराला त्याहून सोयीचा आडोसा नाही, कारण घरात त्याचं कौतुकच होतं.

पुन्हा शतपावलीकडे. जेवणानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास सगळ्यात अवघड. तेवढा वेळ बसून राहायचं, आणि हात रिकामे ठेवायचे नाहीत. मेथी निवडा, मटार सोला, कॅरम मांडा. अस्वस्थता चढते, टोकाला जाते आणि फेरी न मारताही उतरते. शरीराला हे पुन्हा पुन्हा अनुभवू द्यावं लागतं. सुरुवातीला घरातल्या कुणीतरी शेजारी बसावं. ‘चल, जरा पाय मोकळे करू’ हे वाक्य काही महिने बंद.

चक्कर, छातीत धडधड आली तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं तर थेट दवाखाना. नडगीवर किंवा पावलावर एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर कळ येत असेल तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो; अंगावर काढू नका. मन फार घाबरंघुबरं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

जिममध्ये जाल तेव्हा ट्रेनरला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: ‘माझं वजन करायचं नाही, चरबी-कॅलरीचं बोलायचं नाही, आणि मी जास्त वेळ थांबलो तर मला घरी पाठवा.’ कुरकुर करणारा ट्रेनर बदला.